गिरणेचा काठ पडतोय: दगड टाकायचा की कडा राहू द्यायची?

राम राम भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला वडिलांची जमीन आहे, वरच्या तुकड्यात कपाशी, नदीकडच्या तुकड्यात केळी. गेल्या काही पावसाळ्यांत काठ कोसळत कोसळत केळीच्या शेवटच्या ओळीपर्यंत आलाय. गावातले जाणते म्हणतात जेसीबी लावा, कडा उतरती करा आणि मुरूम-दगडाचा भराव टाकून मोकळे व्हा. आणि कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण म्हणते कड्याला हात लावू नका, त्यात वेड्या राघूंची बिळं आहेत, नदीनं काठ कापणं नैसर्गिक असतं, पर्यावरणाला ते लागतंच. मग ऐकायचं कोणाचं?

बहिणीचं जास्त बरोबर आहे हे आधीच सांगून टाकतो. फक्त ती ज्या नदीबद्दल बोलतेय ती नदी आज गिरणेत कितपत राहिलीय ते बघावं लागेल, आणि तिथंच सगळी मेख आहे.

मी मृदसंधारण आणि नदीकाठाच्या कामातला माणूस, धुळे-जळगाव-नंदुरबार हाच माझा पट्टा, तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर यांचे काठ बघण्यातच हयात गेली. तरी जागा न बघता बोलतोय त्यामुळे बऱ्याच ठिकाणी "असं असेल तर" म्हणावं लागणार. तुमचं शेत नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे की आतल्या, वरच्या बाजूला जवळपास बंधारा आहे का, तुमच्या बांधालगत एखादा नाला गिरणेत उतरतो का, आणि समोरच्या पात्रातून वाळू किती उचलली गेलीय, यावर अर्ध्याहून जास्त उत्तर ठरतं.

आधी बहिणीची बाजू, कारण ती बाजू आपल्याकडे कोणी नीट सांगतच नाही. नदी वळत वळत जाते, बाहेरच्या वळणावर पाण्याचा जोर बसतो तिथं ती काठ खाते आणि आतल्या वळणावर पाणी मंद होतं तिथं तीच माती-वाळू टाकते. तुमच्याकडून गेलेली माती खाली कोणाच्या तरी काठाला मळई म्हणून लागते. आज ज्या जमिनीत केळी घेताय ती सुद्धा नदीनं कधीतरी वर कोणाचा तरी काठ खाऊन आणून टाकलेलीच आहे. तापी मुलताईला उगम पावून समुद्राला मिळेपर्यंत 724 किलोमीटर वाहते, सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या मधल्या खोलगट पट्ट्यातून, आणि या पट्ट्यात तिनं आणि गिरणा-पूर्णेसारख्या तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून भरलाय. म्हणून आपल्याकडे विहीर खोदताना कितीतरी फूट नुसती माती, वाळू, चुनखडीचे खडे, परत माती असे थर लागत जातात आणि खडक लवकर सापडत नाही. काठ कापणं बंद असतं तर ही जमीनच झाली नसती.

आता ती बिळं. वेडा राघू, कवड्या खंड्या, आणि पाकोळीसारखे दिसणारे मातीत बिळं करणारे छोटे भिंगरी पक्षी, यांना घरट्यासाठी ताजी कापलेली, उभी, मातीची कडा लागते. झाड चालत नाही, उतार पण सहसा आवडत नाही. उभी कडा का, तर साप, मुंगूस, घोरपड चढू नये म्हणून. कधी उन्हाळ्याच्या तोंडाला सकाळी समोरच्या काठावर बसून बघा. वरचे चार-पाच फूट काळी माती असते, ती भेगाळलेली, त्यात एकही बीळ दिसणार नाही. त्याच्या खाली पिवळसर भुरकट मातीचा थर, त्यात मधे मधे चुनखडीचे पांढरे खडे, आणि बिळं नेमकी याच थरात ओळीनं असतात, हात घातला तर कोपराच्या वर जाईल एवढी खोल (घालू नका म्हणा, कधी कधी जुन्या बिळात साप असतो). काळी माती फुगते आणि आकसते, त्यात बीळ टिकत नाही. खालची वाळू घसरते. मधला थर बरोबर बसतो, खोदायला मऊ आणि छत धरून राहील इतका घट्ट. हे त्या पक्ष्याला कळतं, आपल्या ठेकेदाराला कळत नाही.

आणि गंमत अशी की नदीनं कडा खाणं थांबवलं तर पाच-सात वर्षांत तीच कडा ढासळून तिचा उतार होतो, त्यावर बाभूळ-बेशरम माजते आणि पक्षी निघून जातात. म्हणजे त्यांना दर एक-दोन पावसाळ्यांनी थोडं थोडं कोसळणारी कडा हवी असते. बहीण म्हणते ते हे.

बाकीचेही फायदे आहेत, पटकन सांगतो. काठावरचं झाड मुळासकट पात्रात पडतं तेव्हा आपण लगेच कुऱ्हाड घेऊन धावतो, पण त्या आडव्या पडलेल्या उंबराच्या फांद्यांखाली पाण्यानं डोह कोरलेला असतो आणि मार्च-एप्रिलात नदी आटत आली की मरळ, वाम असले मासे तिथंच तग धरतात. काठातून सुटलेली जाडी वाळू आणि गोटे पुढं जाऊन वाळूचे पट्टे बनवतात, त्यावर टिटव्या अंडी घालतात, कासवांना मोकळी वाळू मिळते, आणि माणसांचंही त्यावर चालायचं, गिरणेच्या आणि तापीच्या वाळवंटात टरबूज-डांगराच्या वाड्या लागायच्या त्या याच वाळूवर. आता किती ठिकाणी दिसतात? वाळूच नाही तर वाडी कुठं लावणार.

इथून दुसरी बाजू सुरू होते.

काठ कोसळणं वाईट ठरतं ते वेगामुळे आणि काय कोसळतंय त्यामुळे. जाडी वाळू आणि गोटे नदीला हवे असतात. पण वरची काळी माती बारीक, तिचे कण पाण्यात तरंगत राहतात, पाणी आठवडाभर चहासारखं दिसतं, आणि पाणी मंदावलं की हा सगळा गाळ डोहांच्या तळाशी आणि गोट्यांच्या फटींमधे बसतो. माशांची अंडी, पाण्यातले किडे, शिंपले त्याच फटींमधे असतात, ते गुदमरतात. शेतातल्या मातीबरोबर खत आणि फवारणीचं औषधही येतं, मग उन्हाळ्यात डोहावर हिरवी साय धरते. आणि उरलेला गाळ पुढं धरणात. हतनूरला जाऊन बघा, तापीवर भुसावळच्या वर, 41 दरवाजे असलेलं एवढं मोठं धरण, आणि गाळ त्याची जुनी डोकेदुखी आहे. आपण आधी काठ आणि शेतं नदीत जाऊ देतो आणि मग 2017 पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत तोच गाळ ट्रॅक्टरनं परत शेतात आणतो. योजना वाईट नाही, पण डिझेल कोणाचं जळतं ते बघा.

पण तुमच्या केसमधे मला सगळ्यात जास्त शंका वेगळ्याच गोष्टीची आहे. काठ पडतोय म्हणून सगळे काठाकडे बघतात, मी आधी तळाकडे बघतो. नदी दोन प्रकारे काठ पाडते. एक, ती आडवी सरकतेय, वळण रुंदावतेय, हे नैसर्गिक. दुसरं, तिचा तळ खाली जातोय. तळ चार-पाच फूट खाली गेला म्हणजे तुमचा बारा फुटांचा काठ सतरा फुटांचा झाला, आणि आपली माती बारा फूट उभी राहते ती सतरा फूट राहीलच असं नाही. मग पुराचं पाणी काठाला लागो न लागो, स्वतःच्या वजनानंच ती पडते. अशा नदीत वळणाच्या बाहेरचा आणि आतला, दोन्ही काठ पडायला लागतात. आणि हे पडणं कोणत्याच पक्ष्या-माशाच्या फायद्याचं नसतं कारण ते इतकं भराभर होतं की कड्यातली बिळं हंगामाच्या आधीच खाली येतात आणि खाली साचायला वाळूचा पट्टाही नसतो.

गिरणेत तळ खाली का जावा? दोन मोठी कारणं. गिरणा धरण 1969 ला झालं. वरून येणारी वाळू आणि गाळ धरणात बसतो आणि खाली सोडलेलं पाणी मोकळ्या हातानं निघतं. वाहत्या पाण्यात ठराविक वाळू वाहून न्यायची ताकद असतेच, ती वाळू वरून मिळाली नाही की ते खालच्या तळातून आणि काठातून उचलतं. जगभरात धरणांच्या खाली हे दिसतं, गिरणा काही अपवाद नाही. दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय, रात्रीचे ट्रॅक्टर आणि डंपर. पात्रात खोल खड्डा केला की पुरात तो खड्डा तिथंच राहत नाही. वरच्या कडेवरून पाणी धबधब्यासारखं पडतं, ती कड कापत कापत वरच्या दिशेनं सरकते, आणि वाळू उचलली एका गावानं पण काठ पडतात वर दोन गावं सोडून. भाऊबंदकीतली भांडणं होतात यावरून. सुप्रीम कोर्टानं 2012 मधे सांगितलं की पाच हेक्टरच्या आतल्या वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल, आणि नियमांचा गाभा एवढाच आहे की नदी दरवर्षी जेवढी वाळू नव्यानं आणते तेवढीच उचलायची. धरणाखालच्या नदीत हा आकडा किती निघेल ते तुम्हीच सांगा.

तळ खाली गेलाय का हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. जवळच्या पुलाचे पाये बघा, पूर्वी वाळूत बुडालेला पायाचा जाड भाग आता उघडा पडलाय का. काठावरच्या जुन्या झाडाची मुळं हवेत लोंबताहेत का. नदीतल्या जुन्या विहिरीचं, जॅकवेलचं (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीचं) कडं वर आलंय का. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे नाल्याचं तोंड, नाला गिरणेला मिळतो तिथं सपाट उतरतो की पायरीसारखा खाली पडतो. पायरी असेल तर समजा गिरणा खाली गेली आणि नाला अजून वरच राहिलाय, आणि ती पायरी आता दर पावसाळ्यात नाल्यानं तुमच्या शेताकडे चढत येणार. मग तुमची जमीन दोन बाजूंनी जाईल, नदीकडून आणि नाल्याकडून. तापीकाठी चोपडा-यावल बाजूला ज्या खोल घळी दिसतात, पन्नास-पन्नास फूट चिरलेल्या, त्या अशाच चढत चढत आत गेल्यात, फक्त त्यांना हजारो वर्षं लागली.

काठ पडतो कधी, हेही लिहून ठेवा. ऐन पुरात पडत असेल तर पाणी पायथा खातंय. पूर ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी पडत असेल, आणि बहुतेकांचा अनुभव हाच असतो, "पाणी गेलं आन मंग पडला", तर कारण असं की पुरात काठाची माती पाणी पिऊन जड झालेली असते, बाहेरून पाण्याचा टेका असतो तोवर उभी राहते, वरच्या धरणाचा विसर्ग एकदम कमी केला की नदी झपकन उतरते, टेका जातो आणि आतलं पाणी निघायला वेळ मिळत नाही. अशा काठात वाळूच्या थरातून पाणी पाझरताना दिसतं आणि पाण्याबरोबर वाळूही निघते, वरची माती छज्जासारखी पुढं राहते आणि मग एकदम धाडकन. आणि पहिल्याच पावसात, नदीला पाणी नसतानाच पडत असेल तर दोष तुमच्या शेतातल्या पाण्याचा. उन्हाळ्यात काळ्या मातीला काठाला समांतर भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, पहिला वळवाचा पाऊस त्यात भरतो आणि अख्खा तुकडा सुटतो. केळीला ठिबक असेल तर ठीक, पण काठालगत पाटानं पाणी देत असाल तर ते आधी बंद करा, हे मी नदी न बघताही सांगू शकतो.

आता मुरूम-दगडाच्या भरावाबद्दल. नका करू. मुरूम पुरात टिकत नाही, पहिल्या मोठ्या पाण्यात तो जातो आणि मधले दगड खाली घरंगळतात. भरावाची भिंत काठाला वरून चिकटवलेली असते आणि पायथा उघडाच असतो, तळ अजून फूटभर खाली गेला की भिंतीच्या पायाखालून माती निघून भिंतच नदीत. आणि टिकलीच तर पाण्याचा जोर कुठंतरी जाणारच ना, तो समोरच्या काठावर किंवा तुमची भिंत संपते तिथून खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर. कोल्हापुरी बंधाऱ्यांचं बघितलंय ना? पावसाळ्याआधी बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायचे राहून जातात, पूर येतो, पाण्याला मधून वाट मिळत नाही आणि नदी बाजूचा काठ फोडून बंधाऱ्याला वळसा घालून निघून जाते. बंधारा जागेवर कोरडा उभा आणि नदी शेजारच्या शेतात. त्यापेक्षा पांझरेवरच्या फड पद्धतीचे जुने बंधारे बघावे, बुटके, पूर सरळ डोक्यावरून जाऊ देणारे. त्या लोकांनी नदीशी कुस्ती खेळली नाही.

शिवाय पात्र सरकारचं आहे. पात्रात भराव टाकायला पाटबंधाऱ्याची आणि महसूलची परवानगी लागते, निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो त्याच्या आत, भराव-बांधकामावर कडक बंधनं असतात. लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. तुमच्या पट्ट्यात रेषा आखलेल्या आहेत का ते पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात विचारा, गावात कोणाला माहिती नसतं.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असतो तर पहिलं काम म्हणजे केळीच्या नदीकडच्या दोन-तीन ओळी सोडून देईन. हो, माहितीय, ऐकायला जिवावर येतं. पण त्या ओळी तशाही जाणार आहेत, आणि काठापासून वीस-तीस फूट पट्टा नांगर न लावता मोकळा सोडला तर उरलेली जमीन वाचायची शक्यता खूप वाढते. त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे शेताच्या कडेला, हलका बांध आणि चर काढून शेताचं पाणी काठावरून न पडता एका ठरलेल्या जागेनं, दगडी उतारावरून किंवा पाइपानं खाली जाईल असं करायचं. नुसत्या एवढ्यावर मी बरेच काठ शांत झालेले बघितलेत, जिथं तळ फार खाली गेलेला नव्हता तिथं.

पट्ट्यात काय लावायचं ते वरून खाली असं धरून चला. अगदी काठावर मोठं झाड लावायचं नाही. निलगिरी, सुबाभूळ, आंबा, कोणतंही उंच झाड काठाच्या ओठावर असलं की त्याचं वजन आणि वाऱ्यात होणारी हेलकावणी काठ पाडते. काठाच्या वर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली खोल जातात आणि माती बांधून ठेवतात, मधे निरगुडी, ती गुरं खात नाहीत म्हणून टिकते. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही मंडळी दहा-पंधरा फूट मागे. खाली पाण्याजवळ ओलावा टिकत असेल तर वाळुंज आणि शेरणी, या दोन्ही पुरात वाकतात आणि परत उभ्या राहतात. बांबू सगळे सुचवतात, मी जपून सुचवतो, त्याची मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, उंच काठाला पायथा उघडा असेल तर अख्खं बेट घेऊन काठ खाली येतो. आणि बेशरम लावू नका, ती लावायची गरजच पडत नाही.

दगड लावायचाच झाला तर तो पायथ्याला. तोही फक्त तिथं जिथं पाणी थेट आदळतंय. दगड चाळीस किलोच्या खाली नको, एकट्या माणसाला सहज उचलता आला तर नदीलाही येतो. आधी खाली गाळणीचा थर, बारीक खडी किंवा जिओटेक्स्टाइल कापड, नाहीतर दगडांच्या फटीतून मागची माती निघून जाते आणि दगड पोकळीत बसतात. आणि थोडा दगड काठापासून पुढं पात्राच्या तळावर आडवा पसरून ठेवायचा, उद्या तळ खाली गेला तर तो दगड स्वतःहून त्या खड्ड्यात घरंगळून पायथा झाकेल. दोन्ही टोकं काठाच्या आत नेऊन गाडायची, कारण दगडाचं काम नेहमी टोकाकडून फुटतं. हे एकट्याच्या बजेटचं काम नाही, वरचे-खालचे चार शेतकरी मिळून पाटबंधाऱ्याकडे अर्ज करा. आणि तळ खाली जात असेल तर या सगळ्याच्या आधी वाळूचा विषय ग्रामसभेत घ्यावा लागेल, त्याला पर्याय नाही, गावात वाईटपणा येईल तो येईल.

बहिणीच्या बिळांना यात जागा आहे. पायथ्याला दगड लावला तरी वरची कडा उभीच सोडा, जेसीबीनं तासून उतरती करू नका. बिळं असलेला मधला टप्पा, समजा शंभरेक फूट, आणि तिथं मागे पट्टा सोडायला जागा असेल तर तेवढा पूर्ण मोकळा राहू द्या, कोसळला थोडा तर कोसळू दे, पट्टा त्यासाठीच आहे. कामाचा वेळही बघा. हे पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळाभर बिळांत असतात, वेडे राघू तर मार्च ते जून. आपली यंत्रं पण नेमकी तेव्हाच पात्रात उतरतात कारण नदी कोरडी असते. त्यामुळे पाऊस संपल्या संपल्या, जिथं बिळं नाहीत तिथून काम सुरू करायचं.

एक सरकारी गोष्ट राहिली. पुरात जमीन खरडून किंवा वाहून गेली असेल तर अल्प आणि अत्यल्प भूधारकांना आपत्ती मदतीत हेक्टरी 47,000 रुपयांची तरतूद आहे (2022-23 ते 2025-26 साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे), पण पंचनामा झाला पाहिजे आणि त्यात "पीक नुकसान" वेगळं आणि "जमीन खरडून गेली" वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. लोक पिकाचंच लिहून घेतात आणि जमीन राहून जाते. तलाठी आणि कृषी सहायक येतील तेव्हा पडलेल्या काठाचे फोटो, तारखेसकट, दाखवा आणि पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. पैशात जमीन परत येत नाही, पण पुढं मोजणीच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं आणि प्रत्यक्षात बांध नदीत असतो.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो. काठाच्या ओठापासून आत दहा फुटांवर, पन्नास-पन्नास फुटांच्या अंतरानं लोखंडी सळईच्या खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीपासून काठापर्यंतचं माप आज घ्या, परत पोळ्याला घ्या, परत दिवाळीला. गुगल अर्थमधे मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे, त्यात तुमचं वळण दहा-बारा वर्षांत किती सरकलं ते दिसेल, त्याचा स्क्रीनशॉट टाका. पुलाच्या पायाचा एक फोटो, नाल्याच्या तोंडाचा एक, आणि कड्याचा एक समोरून, शेजारी माणूस उभा करून म्हणजे उंची कळेल. नाल्याच्या तोंडाला पायरी दिसली तर दिवाळीची वाट न बघता लगेच कळवा, त्याला दगडी बांधाची उतरंड लागेल आणि ती पावसाळ्याआधीच झाली पाहिजे.